शीव कोण सांगणार?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळा सुटल्यावर तहसील कचेरीच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. इथल्या जुन्या मंडळींना ते आठवत असेल. आधी माणसाला सगळं बोलू द्यायचं, मधे तोडायचं नाही, आणि मगच कागदाला हात लावायचा, ही त्यांची रीत. आजचा माझा विषय त्या ओट्यावरचाच आहे. माणूस बोलतो त्यातलं कागदावर काय येतं आणि काय बाहेरच राहतं? पत्रिकेत विषयाचं नाव मोठं छापलंय: आदिवासींच्या जमीनहक्काची कायदेशीर मान्यता आणि परंपरेचं स्थान. मी मात्र सुरुवात एका मोहाच्या झाडापासून करणार आहे.

गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं एक गाव. वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करायचा होता, म्हणून गावाची शीव फिरून नोंदवायचं ठरलं. मार्च संपत आला होता, मोह टपकायला लागला होता. सगळ्यांत पुढे गावातले सगळ्यांत वयस्क आजोबा, हातात काठी. मागे वनहक्क समितीची माणसं, जीपीएस यंत्र धरलेला एक तरुण, आणि आजोबांची नात. आजोबा गोंडीत सांगायचे, नात मराठीत करून वहीत उतरवायची. हा नाला. हा खडक. हे पेनठाणं, देवाची जागा, इथे चपला काढा. ही जुन्या बोडीची पाळ. एका मोहाशी आजोबा थांबले, खोडावर तळवा ठेवला आणि म्हणाले, इथून शीव आत वळते.

आम्ही गोंधळलो. तोवर शीव नाल्याच्या काठाकाठाने आली होती. नाला तर तिथून साठ-सत्तर पावलं पुढे वाहत होता. मग शीव नाला सोडून आत का आली? आजोबांनी सांगितलं. त्यांच्या आज्याच्या वेळी एका वर्षी पाऊस पडला नाही. पलीकडच्या गावाचं पाणी आटलं, ते लोक इकडे आले. दोन्ही गावं याच मोहाखाली बसली. किती दिवस बसली ते ठाऊक नाही, पण उठली तेव्हा नाल्याचा हा तुकडा पलीकडच्या गावाला दिलेला होता. त्या गावाने दर वर्षी पेरणीआधीच्या पूजेला एक कोंबडा आणायचा, एवढंच ठरलं. तो कोंबडा अजून येतो.

नातीने पेन थांबवलं आणि विचारलं, "हे लिहायचं का?"

समितीतले एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, "नको. साहेब म्हणतील, तुमची शीव बदललेली आहे, मग ती पारंपरिक कशी?"

मित्रहो, आजचं माझं सगळं बोलणं त्या मुलीच्या तीन शब्दांच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आहे. हे लिहायचं का? त्यासाठी चार मुद्दे मांडते. कायद्याला परंपरा दिसली का, हा पहिला. ती ऐकू आली का, हा दुसरा. दिसल्यावर आणि ऐकल्यावर कायद्याने तिला जागच्या जागी थांबवून ठेवलं का, हा तिसरा. आणि परंपरेने स्वतःला काय विचारायला हवं, हा चौथा.

पहिला मुद्दा, दिसण्याचा.

इंग्रज आले तेव्हा आपली जंगलं रिकामी नव्हती. कुणी कुठे गुरं चारायची, कुणी कुठली मोहाची झाडं वेचायची, कुठल्या डोहात कुठल्या महिन्यात मासे मारायचे नाहीत, हे सगळं ठरलेलं होतं. प्रश्न एवढाच होता की या ठरलेल्या गोष्टीला म्हणायचं काय? हक्क म्हणायचं, की सवलत? या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हक्क हिरावला तर भरपाई द्यावी लागते, जाब द्यावा लागतो. सवलत काढून घ्यायला फक्त एक आदेश पुरतो. १८७८ च्या वन कायद्यामागे जो मोठा वाद झाला तो याच शब्दांचा होता, आणि त्यात सवलत जिंकली. ज्याच्यामागे सरकारची मान्यता दाखवता येत नाही तो वहिवाटीचा वापर, हक्क नव्हे, असं मानलं गेलं.

मग १९२७ चा कायदा आला, तो आजही लागू आहे. राखीव जंगल करायचं असेल तर आधी जाहीरनामा काढायचा आणि कमीत कमी तीन महिन्यांची मुदत द्यायची. ज्याचा काही हक्क असेल त्याने त्या मुदतीत अर्ज करावा. न केला तर हक्क संपुष्टात. विचार करा, तीन महिने! जो हक्क कुणी कधी मागितला नव्हता, कारण तो मागायचा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं, तो हक्क तीन महिन्यांत लेखी मागायचा. ज्यांच्या भाषेत दप्तर नाही त्यांनी दप्तरात जाऊन मागायचा. आणि त्यानंतर त्याच माणसाला त्याच्याच रानात नाव मिळालं अतिक्रमणदार.

विदर्भातली जी मंडळी इथे आहेत त्यांना वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक हे शब्द परके नाहीत. मध्य प्रांताच्या जमीन-बंदोबस्तात गावाच्या रीती थोड्याफार लिहिल्या गेल्या. सरपण कुठून, चराई कुठे, पाणी कुणाचं. त्या जुन्या कागदांचा आज दाव्यांत उपयोग होतो, ही चांगली गोष्ट. पण तिथेही लिहून घेणाऱ्याला जे विचारायचं सुचलं तेवढंच उतरलं. कोंबडा उतरला नाही.

हे फक्त आपल्याकडे घडलं का? नाही. ऑस्ट्रेलियात तर सबंध खंडच कुणाच्या मालकीचा नसल्यासारखा धरला गेला. उत्तरेला यिरकला नावाची जागा आहे, तिथले योल्ङू लोक. त्यांच्या भूमीवर बॉक्साइटच्या खाणीचा करार झाला, तेव्हा १९६३ मध्ये त्यांनी झाडाच्या सालीवर आपली चित्रं काढून, त्यात मजकूर बसवून संसदेला अर्ज पाठवला. पुढे खटला झाला. परक्याला कधी न दाखवलेल्या पवित्र वस्तू त्यांनी न्यायमूर्तींना दाखवल्या, आमचा दस्तऐवज हाच म्हणून. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल दिला. त्यांनी मान्य केलं की या लोकांकडे कायद्याची सुसूत्र व्यवस्था आहे. पण पुढे म्हटलं की ही मालमत्ता नव्हे. जमीन या कुळांची आहे असं म्हणण्यापेक्षा ही कुळं जमिनीची आहेत असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

जरा थांबून याचा विचार करू. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं असतं, तर "आपण मातीचे" हे सगळ्यांत घट्ट नातं आहे असंच त्यांनी सांगितलं असतं. न्यायालयात तेच नातं दाव्याच्या विरुद्ध गेलं. कारण विकता येणं, दुसऱ्याला बाहेर ठेवता येणं, हीच मालकीची खूण ठरलेली होती.

ही भिंत फोडली एका माळ्याने. एडी कोइकी माबो. टॉरस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचा माणूस, टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात बागकाम करायचा. आपल्या बेटावरची आपल्या घराण्याची जमीन कायद्याने सरकारची आहे, हे त्याला तिथल्या इतिहासकारांशी बोलताना कळलं. त्याचा विश्वास बसेना. मेरवर बागांच्या हद्दी ठरलेल्या, वारसा ठरलेला, आणि वर मालोचा नियम: दुसऱ्याच्या वाडीत पाय टाकायचा नाही, जे आपलं नाही त्याला हात लावायचा नाही. १९८२ मध्ये त्याने सोबत्यांना घेऊन दावा लावला. दहा वर्षं चालला. ३ जून १९९२ ला ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी सांगितलं की ही भूमी रिकामी नव्हती, या लोकांचा हक्क त्यांच्याच रीतींतून आलेला आहे, तो कुणी राजाने दिलेला नाही. निकाल ऐकायला माबो नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत तो गेला.

कायद्याला परंपरा दिसली. पण नुसतं दिसून भागतं का? आता दुसरा मुद्दा, ऐकण्याचा.

परंपरा बोलते. कधी गोष्टीतून, कधी गाण्यातून, कधी झाडावरच्या तळव्यातून. कायदा वाचतो. बोलणारा आणि वाचणारा समोरासमोर आले की काय होतं, ते कॅनडात दिसलं. ब्रिटिश कोलंबियात गित्क्सन आणि वेत्सुवेतेन या दोन समाजांनी सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर भूमीचा दावा केला. खटला साडेतीनशेहून अधिक दिवस चालला. गित्क्सन घराण्यांचा इतिहास ज्यात साठवलेला असतो त्याला ते अदाव्क म्हणतात, आणि त्यातली गाणी त्या त्या भूमीची असतात. एक वृद्ध स्त्री, आपल्या घराण्याची प्रमुख, साक्षीत आपलं गाणं गाणार होती. न्यायमूर्तींनी हरकत घेतली. गायची काय गरज, शब्द लिहून द्या, माझ्या कानाला गाणं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिने गायलं. १९९१ मध्ये निकाल विरुद्ध गेला.

मला त्या न्यायमूर्तींना दोष द्यायचा नाही. मला त्या कानाबद्दल बोलायचं आहे. तो कान आपल्या सगळ्यांचा आहे. आपणही गाण्याला करमणूक म्हणतो आणि सातबाऱ्याला सत्य. पण ते गाणं त्या बाईचा सातबारा होतं! ते कुणी गायचं, कुणाच्या साक्षीने गायचं, चुकलं तर कुणी दुरुस्त करायचं, याचे नियम होते. चारचौघांत म्हटलेलं आणि चारचौघांनी मान्य केलेलं, असा तो दस्तऐवज होता. ११ डिसेंबर १९९७ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखलं. सरन्यायाधीश लॅमर यांनी लिहिलं की मौखिक इतिहासाला लेखी पुराव्याच्या बरोबरीने वजन दिलं पाहिजे. खटला नव्याने चालवा, असा आदेश झाला.

आणि आपण? या बाबतीत आपला कायदा कागदावर फार पुढे आहे, हे मला अभिमानाने सांगायचं आहे. २००६ चा वनहक्क कायदा आपल्या उद्देशिकेतच कबूल करतो की वसाहतकाळात आणि स्वातंत्र्यानंतरही वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. त्याचे नियम पुराव्यांची यादी देतात. त्या यादीत काय आहे ऐका. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचं निवेदन. बांध, घरं, विहिरी. दफनभूमी. देवस्थानं, पवित्र झाडं, देवराया, तळी. कंदमुळं आणि रानफळं गोळा करण्याच्या जागा. मासेमारीचे डोह. म्हणजे आजोबांचा तळवा ज्या मोहावर पडला तो मोह कायद्याच्या भाषेतसुद्धा पुरावा आहे. उपग्रहाचं चित्र जोडीला घ्या, पण ते बाकीच्या पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही, हेही नियमांत आहे.

मग अडतं कुठे? अडतं त्या कानापाशी. कागद आणा, दंडाची पावती आणा, असं अजूनही टेबलाटेबलावर ऐकू येतं. दंडाची पावती, म्हणजे माणसाने आपल्याच शेतात आपण गुन्हेगार ठरल्याचा दाखला जपून ठेवलेला असावा, अशी अपेक्षा! फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचे निर्देश दिले आणि दोन आठवड्यांत, २८ फेब्रुवारीला, त्यांना स्थगितीही दिली. त्या दोन आठवड्यांत किती घरांत चूल पेटली तरी जेवण गेलं नसेल, याचा विचार करा. दावा फेटाळला गेला, याचा अर्थ दावा खोटा होता असा होतो का? की तो कुणी ऐकूनच घेतला नव्हता?

आता तिसरा मुद्दा, माझ्या मते सगळ्यांत अवघड. थांबवण्याचा.

माबोच्या निकालातच एक वाक्य होतं, त्याचा आशय असा: इतिहासाच्या भरतीने जिथे परंपरेचं पालन खरोखर वाहून नेलं असेल, तिथे हक्काचा पायाही उरत नाही. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पण ती भरती आणली कुणी? मरे नदीच्या काठी यॉर्टा यॉर्टा लोक राहतात. गोऱ्यांच्या मेंढ्यांनी त्यांची शिकारीची राने खाल्ली, ते लोक मिशनच्या वस्तीत ढकलले गेले. १८८१ मध्ये त्यांच्यातल्या ४२ जणांनी गव्हर्नरला अर्ज केला की आमची सगळी भूमी गेली, आम्हाला कसून खायला थोडी जमीन द्या. शंभरावर वर्षांनी त्यांच्या वंशजांचा दावा न्यायालयात आला. १९९८ मध्ये न्यायमूर्ती ओल्नी यांनी तो फेटाळला. वंशजांच्या तोंडी साक्षींपेक्षा एका जुन्या गोऱ्या मेंढपाळ मालकाच्या आठवणींना त्यांनी जास्त वजन दिलं. आणि तो १८८१ चा अर्ज? ज्यात लोकांनी आपली भूमी गेल्याचं दुःख मांडलं होतं, तोच अर्ज त्यांनी जुनी जीवनरीत सोडल्याचा पुरावा ठरला. डिसेंबर २००२ मध्ये उच्च न्यायालयानेही पाच विरुद्ध दोन मतांनी तो निकाल कायम ठेवला.

घराला आग लावायची, आणि मग विचारायचं की तुमच्या घराची कागदपत्रं कुठे आहेत?

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वेषात येते. वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातींशिवाय इतर पारंपरिक वननिवासींनाही हक्क आहे, पण त्यांनी १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचं दाखवायचं. म्हणजे १९३० पर्यंत मागे जायचं. १९३० मध्ये कुठल्या वनवासी कुटुंबाच्या पेटीत रहिवासाचा दाखला होता? आणि कागदापलीकडची एक अटही असते, न लिहिलेली. आदिवासी माणसाने आदिवासीसारखं दिसावं. पोराच्या हातात मोबाइल दिसला, अंगणात मोटरसायकल दिसली, की लगेच प्रश्न येतो: हे कसले आता आदिवासी? आपल्यापैकी कुणी धोतर सोडून पँट घातली म्हणून वाडवडिलांचं शेत सोडलं का? मग ही अट फक्त त्यांनाच का?

नियमगिरीचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. ओडिशातला तो डोंगर डोंगरिया कोंध लोकांचा, त्यांच्या नियमराजाचा. तिथे बॉक्साइटची खाण व्हायची होती. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा. सरकारने १२ गावं निवडली. जुलै-ऑगस्टमध्ये, जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून बसलेले असताना, बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. इथपर्यंत आपल्याला ठाऊक असतं. पण त्या सभांत लोक काय बोलले? सरकारी कागदांत देवाची जागा शिखराजवळच्या तुकड्यापुरती आखलेली होती. लोक म्हणाले, देव सगळ्या डोंगरात आहे. आणि देवाबरोबर त्यांनी झऱ्यांचं सांगितलं, नाचणीचं सांगितलं, लेकरांचं सांगितलं. त्यांच्या लेखी हे चार वेगळे विषय नव्हतेच. आपण मात्र देव तेवढा परंपरेच्या खात्यात टाकतो आणि झरा खाण खात्याच्या फायलीत.

म्हणून माझं म्हणणं नीट मांडते, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे. परंपरा म्हणजे लोक जुन्या काळी काय करत होते त्याची यादी नव्हे. आपल्या भूमीबद्दल एकत्र बसून ठरवण्याची आणि ठरवलेलं पाळण्याची जी सवय एखाद्या समाजाने टिकवून धरली आहे, ती परंपरा. यादी गोठवता येते. सवय गोठवली की मरते. कायद्याने मान्यता द्यायची ती या सवयीला.

याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा, लेखाच्या शेजारचं. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे मित्र, यांनी वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सगळ्यांना पटेपर्यंत बसायचं, ही त्या गावाची रीत. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी तो होता. तरी बांबू नेण्याचा परवाना मिळेना. बांबू गौण वनोपज आहे असं कायद्यात स्वच्छ लिहिलेलं असताना! २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर २०१३ मध्ये याच गावाने आपल्या खासगी जमिनीही ग्रामदानात ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. बांबूचा लिलाव, ऑडिट, बँक खातं, यातलं कुठलं पूर्वजांनी केलं होतं? पण बसून ठरवणं पूर्वजांचंच आहे.

तसंच चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव. २०१२ मध्ये त्यांना सुमारे हजार हेक्टरचा हक्क मिळाला. तेंदूपानासाठी झाडं छाटली जातात, रानाला आगी लागतात, फळ हाती येत नाही, हे पाहून त्यांनी तेंदूपानाचं रोख उत्पन्न सोडून दिलं. आणि सुमारे ३४ हेक्टर जंगल राखून ठेवलं, एक नवी देवराई. श्रोतेहो, नवी देवराई! ज्याला परंपरा गोठवायची आहे त्याला हे दोन शब्द एकत्र बसतच नाहीत. देवराई जुनीच हवी, किती पिढ्यांची ते सांगा. पण विचार करा, आज जी देवराई पाचशे वर्षांची आहे तिचाही कधीतरी पहिला दिवस होता. कुणीतरी त्या दिवशी बसून ठरवलं होतं की इथे कुऱ्हाड चालवायची नाही.

आता चौथा मुद्दा. हा मी टाळला तर माझं बोलणं प्रामाणिक राहणार नाही.

बसून ठरवणं, असं मी इतका वेळ म्हणतेय. पण कोण बसतं? मोहाखाली दोन गावं बसली तेव्हा त्यात बाया होत्या का? मी आजोबांना विचारलं. त्यांनी खरं सांगितलं, नव्हत्या. परंपरेने बाईला पाणी भरायला लावलं आणि पाण्याचा निवाडा पुरुषांनी केला, हे अनेक ठिकाणचं सत्य आहे. अनेक आदिवासी समाजांत मुलीला जमिनीत वाटा नाही, आणि परंपरा आहे म्हटलं की विषय संपतो.

इथे कायद्याने परंपरेला काहीतरी दिलं आहे. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. वनहक्काच्या ग्रामसभेत निम्मे सभासद हजर हवेत, आणि हजर असणाऱ्यांत किमान एकतृतीयांश बाया. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. आजोबांच्या जमिनीत आईचा वाटा मागणाऱ्या नातवंडांना खालच्या न्यायालयांनी विचारलं होतं, मुलीला वाटा देण्याची रूढी सिद्ध करा. ती करता आली नाही, म्हणून दावा गेला. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटं धरलं. मुलीला वगळायची रूढी आहे असं आधीच गृहीत का धरायचं, असा त्याचा रोख होता. रूढीही काळात अडकून राहू शकत नाही, असं न्यायालय म्हणालं आणि वाटा मंजूर केला.

काही मित्र मला म्हणतात, बाईंना परंपरा हवी तेव्हा हवी आणि नको तेव्हा नको. तसं नाही. मी एकच गोष्ट दोन्हीकडे सांगतेय. परंपरा बदलते म्हणून तिचा हक्क नाकारू नका, असं मी कायद्याला सांगते. आणि तुम्ही बदलू शकता, तुमच्या पूर्वजांनी नाल्याची शीव बदलली होती, मग मुलींसाठी का नाही बदलणार, असं मी गावाला सांगते. आत बदलण्याची हिंमत असलेली ग्रामसभाच बाहेरच्याला ठामपणे नाही म्हणू शकते.

थोडक्यात सांगायचं तर मी चार गोष्टी मांडल्या. रीत ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, हे कायद्याला दिसायला सव्वाशे वर्षं लागली. तोंडचा शब्द पुरावा आहे, हे आपल्या नियमांत आलं पण आपल्या कानांत अजून उतरलेलं नाही. परंपरेला जुनेपणाच्या मापाने मोजलं की ज्यांच्यावर जास्त अन्याय झाला त्यांचंच जास्त नुकसान होतं. आणि परंपरेने आपली माणसं मोजताना अर्धी सोडली असतील, तर तिनेही हिशेब पुन्हा मांडला पाहिजे.

आता परत मोहाखाली जाऊ. हे लिहायचं का?

लिहायचं, असं त्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलं. कारण वनहक्काच्या नियमांतच एक तरतूद आहे. दोन गावांच्या पारंपरिक शिवा एकमेकींत अडकल्या, तर त्या गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसावं आणि आपला निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लिहून द्यावा. म्हणजे आजोबांच्या आज्याने दुष्काळात जे केलं, तेच करायला आजचा कायदा सांगतो. आठ दिवसांनी पलीकडच्या गावाची माणसं आली. या वेळी बायाही आल्या, दोन्ही गावांच्या, आणि पाणी कुठल्या महिन्यात कुठवर असतं यावर सगळ्यांत जास्त त्याच बोलल्या. दुपार कलेपर्यंत सगळे तिथेच होते. नातीने शेवटी वाचून दाखवलं, आधी मराठीत, मग गोंडीत. अमुक मोहापासून शीव आत वळते. नाल्याचा तुकडा पाण्याच्या टंचाईत पलीकडच्या गावाला दिलेला आहे, दोन्ही गावांना मान्य आहे, बदल्यात दर वर्षी एक कोंबडा. आजोबांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. तिने वाचलं. मग त्यांनी अंगठ्याला शाई लावायला हात पुढे केला.